काजू लावण्याआधी खड्डा खणून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कापसाचा आणि केळीचा हिशेब बसेनासा झाला की खान्देशातील शेतकरी नवे फळपीक शोधू लागतो, आणि अशा वेळी काजूचे नाव हमखास पुढे येते. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेच्या यादीत काजू आहे, रोजगार हमीच्या फळबागेतही आहे. ‘काजूला पाणी लागत नाही, माळरानावर कुठेही येतो’ असे सांगून मृगाच्या तोंडावर रोपे विकणारेही असतात. खान्देशात काजू येणारच नाही, असे माझे म्हणणे नाही. तो कुठे येईल आणि कुठे मुळीच येणार नाही, हे लागवडीआधी जमिनीवरून कळते. ते न पाहता लावलेले झाड चार-पाच वर्षे जागा अडवते, हिरवेही दिसते आणि पदरात काहीच टाकत नाही. हे टळावे म्हणून सविस्तर लिहितो आहे.

काजू मूळचा ईशान्य ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. रेताड, किंचित आम्ल आणि पाणी धरून न ठेवणारी जमीन ही त्याची सवय. म्हणून कोकणच्या जांभ्या मातीत तो रमला. आपल्या तापीकाठच्या काळ्या कसदार जमिनीत यातले काहीच नाही. तिथला सामू (आम्ल-विम्लतेचा आकडा, म्हणजे पीएच) बहुतेक ठिकाणी ८ च्या आसपास किंवा वर असतो, खाली चुनखडी असते आणि पावसाळ्यात माती आठ-आठ दिवस ओली राहते. पाणी साचले की काजूची मुळे गुदमरतात. चुनखडीमुळे लोह आणि जस्त झाडाला मिळत नाही. नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी त्यावर युरिया टाकतो, पण पिवळेपणा नत्राच्या कमतरतेचा नसल्याने फरक पडत नाही. पुढे एप्रिल-मेमध्ये हीच जमीन भेगाळते आणि कोवळी तंतुमुळे तुटतात. ज्या जमिनीत केळी उत्तम येते ती काजूसाठी जवळजवळ नेहमीच चुकीची, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे नुकसान वाचेल.

परीक्षा सोपी आहे. लावायच्या जागी दोन-तीन ठिकाणी तीन फूट खोल खड्डा खणावा. दोन फुटांच्या आत अखंड कातळ किंवा पांढरी चुनखडीची पट्टी लागली, तर तिथे काजूचा विचार सोडावा. वेगवेगळ्या थरांतील मातीचे ढेकूळ घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकावेत; जोरात फेस आला तर चुना जास्त आहे. मग खड्डा पाण्याने भरावा. पहिले पाणी कोरडी माती पिऊन टाकते, म्हणून ते मुरल्यावर पुन्हा एकदा भरावा. दुसऱ्या भरणीचे पाणी दुसऱ्या दिवशीही साचलेले दिसले तर निचरा पुरेसा नाही. सामू मात्र माती परीक्षण प्रयोगशाळेतूनच काढून घ्यावा. तो साधारण ५.५ ते ७ असावा. ८ च्या वर गेला तर कितीही शेणखत घातले तरी उपयोग नाही.

या कसोटीला उतरणारी जमीन खान्देशात आहे, पण ती डोंगरउतारावर आहे. अक्कलकुवा आणि धडगावच्या मुरमाड टेकड्या, नवापूरचा गुजरातला लागलेला भाग, साक्रीत पिंपळनेरच्या पश्चिमेचा उतार, आणि शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याची बरड जमीन. नवापूरपासून फार दूर नसलेल्या गुजरातच्या वांसदा-धरमपूर पट्ट्यात आदिवासी शेतकऱ्यांनी गेल्या चार दशकांत आंबा आणि काजूच्या वाड्या उभ्या केल्या आहेत. आपल्या शेतकऱ्याने पाहायच्या त्या बागा. कोकणची सहल अवश्य करावी, पण तिथला तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि समुद्राची हवा आपल्याकडे येणार नाही.

जमीन जमली तरी ऊन उरते. काजूला पावसाळ्यानंतर नवी पालवी येते आणि त्या पालवीच्या शेंड्यावर मोहोर येतो. एकाच मोहोरात नर फुले आणि उभयलिंगी फुले असतात. फळ फक्त उभयलिंगी फुलाला धरते आणि त्यांची संख्या नर फुलांपेक्षा बरीच कमी असते. फळ धरल्यापासून बी पक्व व्हायला साधारण दोन महिने लागतात. या काळात तापमान ३६ अंशांच्या वर जाऊ लागले की फुले करपतात आणि वाटाण्याएवढी फळे गळतात. जळगाव-भुसावळला एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे जो मोहोर डिसेंबर-जानेवारीत येईल तोच आपल्या उपयोगाचा. फेब्रुवारीच्या शेवटी आलेला मोहोर डोळ्यांना कितीही छान दिसला तरी त्यातून फारसे हाती लागत नाही. त्यामुळे कलमे घेताना लवकर मोहोरणारी जात मागावी. बाग पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे उतरणाऱ्या बाजूला असेल तर दुपारचा मारा थोडा कमी होतो. पश्चिमेच्या कडेला वाऱ्याचा जोर मोडणारी झाडांची रांगही हवी.

दुसरी अडचण थंडीची आहे आणि तिचा विचार कोणी करत नाही. तोरणमाळ, डाब या उंच भागात डिसेंबर-जानेवारीत दव गोठते. काजूचे कोवळे झाड हिमकणांनी करपून जाते. अगदी वरच्या पठारांवर काजू लावूच नये. मधल्या उंचीवर पहिले दोन हिवाळे रोपाभोवती केळीची वाळलेली पाने किंवा उसाचे पाचट बांधावे, पूर्वेची बाजू उघडी ठेवावी.

बियांपासूनची रोपे घेऊ नयेत. काजूत परपरागीभवन होत असल्यामुळे उत्तम झाडाच्या बीचे रोपही त्या झाडासारखे निघेल याची खात्री नसते, आणि ते पाच-सहा वर्षांनी फळावर आल्यावर चूक कळते. मृदुकाष्ठ कलम, म्हणजे रोपाच्या कोवळ्या खोडावर चांगल्या झाडाची काडी बांधून केलेले, तिसऱ्या वर्षी फळ दाखवते. वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र १९५७ पासून काजूवर काम करते आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती महाराष्ट्रात सर्वात जास्त माहितीच्या. वेंगुर्ला-४ ची बी सरासरी ७.७ ग्रॅमची, वेंगुर्ला-७ ची १० ग्रॅमची. दोन्हींत गराचे प्रमाण ३० टक्क्यांच्या थोडे वर. एकच जात लावण्यापेक्षा दोन-तीन जाती मिसळून लावाव्यात, परागीभवन सुधारते. कलमावर जातीची चिठ्ठी आणि रोपवाटिकेची पावती नसेल तर ते घेऊ नये.

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्यावेत, ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. अंतर ७ बाय ७ मीटर, म्हणजे एकरी ८० च्या आसपास झाडे. भरताना वरची माती, दोन घमेली कुजलेले शेणखत आणि एक ते दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळावे. लागवड पहिला चांगला पाऊस मुरल्यावर करावी, म्हणजे मुळांना पूर्ण पावसाळा मिळतो. कलमाचा सांधा मातीच्या वर चार बोटे राहिला पाहिजे. सांधा गाडला गेला तर खालच्या खुंटाला फुटवे येतात, तेच जोमाने वाढतात आणि आपण लावलेली जात मरून जाते. सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी न विसरता सोडावी. ती राहिली तर खोड तिथे आवळले जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वादळात झाड नेमके तिथेच मोडते. पहिली दोन वर्षे आलेला मोहोर खुडून टाकावा आणि खोड अडीच-तीन फुटांपर्यंत मोकळे ठेवावे. उतारावर प्रत्येक झाडाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घालावा.

‘काजूला पाणी लागत नाही’ हे वाक्य कोकणातले आहे. आपल्याकडे पहिले दोन-तीन उन्हाळे झाडामागे आठवड्याला किमान १५ लिटर पाणी आणि बुंध्याभोवती गवताचे जाड आच्छादन दिल्याशिवाय झाड जगणार नाही. फळावर आलेल्या बागेला जानेवारी ते मार्च पंधरवड्यातून एकदा झाडामागे २०० लिटर पाणी देता आले तर गळ स्पष्ट कमी होते. खतांचे थोडक्यात सांगायचे तर चौथ्या वर्षापासून झाडामागे १ किलो नत्र, २५० ग्रॅम स्फुरद, २५० ग्रॅम पालाश. पहिल्या वर्षी त्याचा चौथा हिस्सा, मग दरवर्षी वाढवत न्यावे.

किडींत कोकणाची मोठी डोकेदुखी म्हणजे ढेकण्या. तो पालवीचा आणि मोहोराचा रस शोषतो, तिथे काळे डाग पडतात आणि मोहोर जळाल्यासारखा होतो. कोरड्या हवेत त्याचा जोर कमी असतो, हा आपला फायदा. तरीही ढगाळ हवा टिकली तर मोहोर फुटताना लॅम्डा सायहॅलोथ्रिन ५ टक्के प्रवाही १० लिटर पाण्यात ६ मिलि या प्रमाणात फवारावे, तेही संध्याकाळी. दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. गरज नसताना फवारू नये. केरळमधील कासरगोडला काजूच्या मळ्यांवर वर्षानुवर्षे विमानातून एंडोसल्फान फवारले गेले आणि माणसांच्या आरोग्याची किती हानी झाली, हे साऱ्या देशाने पाहिले आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली.

आपल्याकडे जास्त भीती खोड पोखरणाऱ्या अळीची, म्हणजे रोठ्याची. बुंध्याजवळ लाकडाचा भुसा आणि डिंक दिसला की त्याच दिवशी साल तासून, तारेने अळी काढावी. पाने पिवळी पडेपर्यंत थांबले तर झाड गेलेच. आणि वणवा! फेब्रुवारी संपण्याआधी बागेभोवती दहा फूट पट्टा गवत काढून मोकळा करावा. सातपुड्यात मार्च-एप्रिलमधली एक आग पाच वर्षांची बाग एका दुपारी संपवते.

आता फळाविषयी, कारण इथे खान्देशाला एक गोष्ट मुळातच माहीत आहे. काजूचे खरे फळ म्हणजे खालची ती करडी, मूत्रपिंडाच्या आकाराची बी. वरचे लाल-पिवळे रसाळ बोंड हा फुगलेला देठ. बी आधी पूर्ण वाढते, बोंड शेवटच्या काही दिवसांत फुगते. हीच रचना आपल्या बिब्ब्याची: टोकाला काळे फळ, त्याला लागून केशरी मांसल देठ. बिब्बा, चारोळी, आंबा आणि काजू ही एकाच कुळातली झाडे आहेत. बिब्ब्याच्या कवचातील तेल अंगावर उतते हे सातपुड्यातल्या पोरालाही ठाऊक असते; काजूच्या कवचातही तसेच दाहक तेल असते, अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असलेले. ज्यांना बिब्बा उततो त्यांनी ओल्या काजूपासून दूर राहावे.

म्हणून बी घरी फोडायच्या भानगडीत पडू नये. उघड्या आगीत बी भाजली तर तेल उडते, डोळ्यांत आणि छातीत धूर जातो. टरफले चुलीत घालू नयेत. फोडणीचे काम करणाऱ्या बायांना हातमोजे द्यावेत. ते शक्य नसेल तर हाताला आधी गोडेतेल आणि त्यावर राख. बिब्बा फोडून त्यातली गोडंबी काढणाऱ्या बायांच्या बोटांची सालपटे निघालेली आपण पाहतो. काजूच्या नावाने तीच दुखणी नव्याने पाड्यांवर नेणे बरोबर नाही. बिया वाफवून, रात्रभर गार करून, हातापायांनी चालणाऱ्या यंत्रावर फोडाव्यात, गर ६५ ते ७० अंशांवर सहा-आठ तास वाळवून साल काढावी, हा लघुउद्योगाचा रूढ मार्ग. शंभर किलो बियांतून २५ ते ३० किलो गर मिळतो. दुकानातल्या डब्यावर डब्ल्यू-२४० किंवा डब्ल्यू-३२० लिहिलेले असते, तो एका पौंडात बसणाऱ्या अख्ख्या गरांचा आकडा. आकडा लहान तेवढा दाणा मोठा आणि भाव जास्त. तुकडा झाला की भाव पडतो, त्यामुळे सारा नफा फोडणाऱ्या हाताच्या सफाईत आहे.

बी विकायचीच असेल तर झाडावरून हिरवी तोडू नये. कच्च्या बीतला गर आक्रसतो. खाली पडलेली फळे रोज वेचावीत, बी पिळून वेगळी करावी, दोन-तीन दिवस कडक उन्हात खालीवर करत वाळवावी. मूठभर बिया पाण्यात टाकून पाहाव्यात. भरलेल्या बुडतात, पोचट तरंगतात. साठवण गोणपाटात, लाकडी फळ्यांवर. प्लॅस्टिकच्या पोत्यात घाम धरून बुरशी येते. व्यापाऱ्याला देण्याआधी किलोभर बिया मोजाव्यात. दीडशेच्या आत भरल्या तर माल मोठा आहे, आणि भाव करताना ते सांगता येते.

बोंडाचे वजन बीच्या कित्येक पट भरते आणि जवळजवळ सगळे कुजून जाते. त्यात संत्र्याच्या सुमारे पाचपट क जीवनसत्त्व असते. नुसते खाल्ले तर घशाला खवखवते, ते टॅनिनमुळे. त्यावर उपाय घरातला आहे. रस करायचा असेल तर पिकलेली बोंडे पडू न देता झेल्याने उतरवावीत, त्याच दिवशी धुऊन रस काढावा. एक लिटर रसाला ५ ग्रॅम साबुदाण्याचे पीठ थोड्या पाण्यात शिजवून, गार करून मिसळावे आणि १२ तास झाकून थंड जागी ठेवावे. टॅनिन तळाला बसते; वरचा निवळ रस अलगद ओतून घ्यावा. एक लिटर निवळ रसात साधारण दीड किलो साखर आणि ३० ग्रॅम सायट्रिक आम्ल मंद आचेवर विरघळवले की सरबताचा पाक होतो. रस उकळू नये. भांडे स्टीलचे हवे. लोखंडाचा स्पर्श झाला तर टॅनिनमुळे रस काळा पडतो. गोव्यात याच रसाची फेणी होते, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या आदिवासी महिला बचत गटांना सरबत हाच धंदा सोयीचा, कारण मार्च-एप्रिलच्या उन्हात त्याला जागेवरच गिऱ्हाईक आहे.

पण मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुले वेचण्याचा हंगाम. पाठोपाठ चारोळी, मग धडगावचा आमचूर. पहाटेपासून घरातले सगळे हात रानात असतात. काजूची वेचणी आणि बोंडाचा रस रोजच्या रोज करावा लागतो, तो पुढे ढकलता येत नाही. घरामागे पन्नास-साठ झाडे सांभाळता येतील, पाचशे नाहीत. योजनेचे क्षेत्र ठरवताना हे कोणी विचारात घेत नाही, याचे वाईट वाटते. त्याहून वाईट म्हणजे फळबागेसाठी जागा मोकळी करताना चार (म्हणजे चारोळी), मोह आणि बिब्बा यांची जुनी झाडे तोडली जाणे. चाराचे झाड पाण्याविना, खताविना सातपुड्यात उभे आहे आणि चारोळीचा भाव काजूपेक्षा कमी नसतो. काजू लावावा तो उघड्या, मातीचा थर वाहून चाललेल्या उतारावर. तिथे त्याची पसरट मुळे मातीही धरतात.

कृषी विभागाला विनंती अशी की खान्देशातील काजूच्या प्रत्येक अर्जासोबत सामू आणि चुनखडीचा माती परीक्षण अहवाल सक्तीचा करावा, आणि तापीकाठच्या काळ्या जमिनीवरचे अर्ज तिथेच थांबवून त्या शेतकऱ्याला लिंबू, सीताफळ असा पर्याय सुचवावा. मंजुरी फेब्रुवारीपर्यंत मिळाली तर एप्रिलमध्ये खड्डे होतील. ऑगस्टमध्ये आलेल्या कलमाला पावसाळा पुरत नाही आणि त्याचा पहिला उन्हाळाच शेवटचा ठरतो. नवापूर, अक्कलकुवा आणि पिंपळनेर भागात आधी वीस-वीस झाडांचे प्लॉट लावून त्यांच्या मोहोराच्या तारखा आणि झाडागणिक उत्पादन दरवर्षी जाहीर करावे. कोकणात चांगल्या बागेत झाडामागे आठ-दहा किलो बी मिळते. तो आकडा इथल्या कर्जप्रकरणात लिहिणे बँकांनी आणि सल्लागारांनी तोपर्यंत थांबवावे.

आपला,
एक वाचक
शहादा, जि. नंदुरबार